‘खासगी आहे, काही लागत नाही’ एवढ्यावर थांबू नका

तुमची पोस्ट वाचली. शेजारच्या चार-पाच घरांनी बनवलेली बिअर, साठेक पाहुणे, मधलं मोकळं पटांगण आणि जमलेले पैसे वाचनालयाला. तुम्ही विचारलंय, केग (नळ लावलेली बिअरची टाकी) बरे की बाटल्या आणि एकूण किती लिटर. ते सांगतोच. पण मी थबकलो ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या ओळीवर: ‘परवान्याच्या ऑफिसात फोन केला होता, खासगी कार्यक्रम असेल तर काही लागत नाही म्हणाले.’ अगदी हेच आम्हालाही सांगितलं होतं.

आम्हीही विचारूनच पुढे गेलो होतो, फोनवर आणि खिडकीवरही. घरची बिअर, ओळखीची माणसं, चालेल. पत्रकं वाटून झाली, केग भरून झाले आणि कार्यक्रम तोंडावर आल्यावर त्याच ऑफिसातल्या दुसऱ्या कोणीतरी कळवलं की प्रवेशाचे पैसे घेताय, म्हणजे ही विक्रीच, आणि घरी बनवलेली बिअर विकता येत नाही. आधी कोण काय बोललं याची त्यांच्याकडे नोंद नव्हती. लेखी द्या म्हटलं, तर तशी पद्धत नाही म्हणे. तिकिटांचे पैसे परत करावे लागले आणि ज्या संस्थेसाठी हे सगळं चाललं होतं तिच्या हाती फारच थोडं पडलं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, तो मला पटतो. पण एकाच प्रश्नाला दोन उत्तरं द्यायची आणि एकाचीही जबाबदारी घ्यायची नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

मी वकील नाही आणि तुमच्याकडचा कायदा मला माहीत नाही. काही ठिकाणी घरी बिअर बनवणंच बेकायदा असतं. तसं असेल तर हा बेत सोडा. जिथे मुभा आहे तिथेही ती सहसा स्वतःपुरती आणि घरच्यांपुरती असते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत करमुक्त बिअर बनवता येऊ लागली, ब्रिटनमध्ये १९६३ पासून त्यासाठी परवाना लागत नाही. पण विकायची म्हटलं की दोन्हीकडे वेगळे नियम लागतात. आणि ग्लासमागे पैसे, कूपन, ‘किमान देणगी अमुक’ हे सगळं विक्रीत धरलं जाऊ शकतं, पैसे कितीही चांगल्या कामाला जाणार असले तरी.

म्हणून माझं ठाम मत: बिअर फुकट द्या. देणगीची पेटी बिअरच्या टेबलापासून लांब ठेवा आणि जो काही देणार नाही त्यालाही तितकीच बिअर मिळू द्या. पैसे उभे करायचेत तर वस्तूंचा लिलाव ठेवा. (लिलावालाही काही ठिकाणी परवानगी लागते, तेही विचारून घ्या.)

ऑफिसला नुसतं ‘परवानगी लागते का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर कसंही देता येतं. अर्जात सगळं लिहा: जागा कोणाची, माणसं किती, आमंत्रण नावानिशी की खुलं, बिअर कोणी बनवली, पैसे कुठे नि कसे घेणार, त्या बदल्यात काय देणार. अर्जाची पोच घ्या. ईमेल केलात तर फोनवर मिळालेलं उत्तरही त्याच ईमेलखाली लिहून परत पाठवा. लेखी उत्तर येईपर्यंत पत्रक छापू नका.

वाचनालयालाही आधी विचारा. दारूच्या कार्यक्रमाशी नाव जोडलेलं काही संस्थांना चालत नाही आणि ते पत्रक वाटल्यावर कळलं तर दोघांचीही पंचाईत होते.

आता लिटर. १५० मिलीचे छोटे ग्लास ठेवा. १९ लिटरच्या केगमधून फेस आणि गाळ वजा जाता साधारण ११० ग्लास निघतात. साठ जणांना तीन केग पुरेत, चौथा आणूच नका. केग आदल्या दिवशी जागेवर नेऊन गार करत ठेवा. हलवून आणलेला केग लगेच उघडलात तर नुसता फेस येईल.

बाटल्या मी टाळतो. स्वतःच्या असतील तर ठीक, पण दुसऱ्याने घाईत भरलेल्या असतील तर नको. हायड्रोमीटरचं (बिअरची घनता मोजणाऱ्या उपकरणाचं) रीडिंग दोन-तीन दिवस तेच आलेलं नसताना बाटली बंद केली, तर आत यीस्टचं काम चालूच राहतं, वायू साठत जातो आणि काच फुटू शकते. प्रत्येक घराकडून सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग मागून घ्या. १.०५० वरून १.०१० ला आली असेल, तर फरकाला १३१.२५ ने गुणून सव्वापाच टक्के अल्कोहोल. तो आकडा नळावर मोठ्या अक्षरात लावा आणि गहू किंवा लॅक्टोज (दुधातली साखर) वापरलं असेल तर तेही लिहा, काहींना ते चालत नाही. पेटीवर बसणारा माणूस आणि ग्लास भरणारा माणूस वेगळे असू द्यात, आणि भरणाऱ्याने स्वतः पिऊ नये.

अर्जाचा मसुदा झाला की नाव-पत्ता काढून इथे टाका, पैशांचा परिच्छेद मी वाचून देईन.