दोन १८६५० सेल (दंडगोल लिथियम-आयन सेल) पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडून एकाच टीपी४०५६ मॉड्यूलवर (लिथियम सेल चार्ज करणारा छोटा बोर्ड) चार्ज करता येतील का?

हो, बिनधास्त करा. पॅरलल जोडलेले सेल चार्जरला एकच मोठा सेल वाटतात, ४.२ व्होल्टची मर्यादा तीच राहते, फक्त वेळ वाढतो. २५०० एमएएचचे दोन सेल १ अँपिअरवर भरायला साधारण सहा तास धरा.

खरा धोका जोडण्याच्या क्षणी असतो. एक सेल ४.१ व्होल्टवर, दुसरा ३.४ वर आणि दोघांचा मिळून अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल, तर क्षणभर ७ अँपिअर एकातून दुसऱ्यात धावतात. म्हणून आधी दोन्ही वेगवेगळे पूर्ण चार्ज करा, मल्टिमीटर लावा, फरक ०.०५ व्होल्टच्या आत आला की मगच जोडा.

जुन्या लॅपटॉपमधला सेल नव्याबरोबर जोडू नका, कृपा करून. आणि मॉड्यूल प्रोटेक्शनवालंच घ्या, म्हणजे सेल जास्त उतरला किंवा शॉर्ट झाला तर पुरवठा तोडणारं.