नाडीवरचे बोट

‘लय बिघडली आहे म्हणजे हृदय एखाद्या रात्री झोपेतच बंद पडेल का?’ एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाची लय अनियमित करणाऱ्या विकाराचे, निदान झालेली जवळजवळ प्रत्येक व्यक्ती हा प्रश्न माझ्यासमोर ठेवते.

पुण्यात सहकारनगरमध्ये राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले ६४ वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसह आले होते (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). वर्षानुवर्षे रोज पहाटे पर्वतीची टेकडी चढणारा हा माणूस निदानानंतर घराचा जिनाही टाळू लागला होता. बोलतानाही त्यांची बोटे मनगटावरून हलत नव्हती. “मॅडम, रात्री दोन-तीनदा उठून नाडी बघतात आणि घड्याळातला ठोक्यांचा आकडा वाढला की मला उठवतात,” असे पत्नींनी सांगितले.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. परंतु आजाराचे साधे चित्र डोळ्यांसमोर आल्याशिवाय ही भीती हलत नाही, असा माझा अनुभव आहे. या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे कर्णिकांत, मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत विद्युतसंदेश उमटतात आणि त्या आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरतात. मधली एव्ही नोड ही गाठ त्यांतले बरेचसे संदेश अडवते आणि उरलेले खालच्या कप्प्यांपर्यंत, म्हणजे जवनिकांपर्यंत, अनियमित अंतराने पोचतात, त्यामुळे नाडी कधी धावते, तर कधी अडखळते. तरीही जवनिका रक्त पुढे ढकलतच असतात. हृदयक्रिया अचानक थांबणे ही याहून वेगळी घटना आहे.

त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. मग मी गोळ्यांविषयी विचारले, तेव्हा खरी काळजीची गोष्ट बाहेर आली. ठोक्यांचा वेग आवरणारी गोळी ते वेळेवर घेत होते. मात्र दात घासताना हिरडीतून रक्त आले म्हणून रक्त पातळ करणारी गोळी त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी कोणालाही न विचारता बंद केली होती. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साकळून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो, आणि या विकारात तो धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. जी धडधड जाणवत होती तिच्यावर ते रात्रंदिवस पहारा देत होते आणि जी गुठळी कधीच जाणवणार नव्हती तिची वाट त्यांनी मोकळी सोडली होती. समुपदेशन तिथेच थांबवून मी त्यांना माझ्यासमोर हृदयरोगतज्ज्ञांना फोन करायला लावला. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, दंतवैद्यांकडे पाठवले आणि गुडघ्यासाठी परस्पर घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थांबवल्या, कारण अशा वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो.

त्यानंतर आम्ही नाडी पाहण्याला मर्यादा घातली. सकाळी आणि रात्री, पाच मिनिटे शांत बसून, पूर्ण एक मिनिट मोजायची, कारण लय अनियमित असताना पंधरा सेकंदांना चारने गुणून फसगत होते. कोणत्या आकड्याला फोन करायचा, हे डॉक्टरांकडून वहीत लिहून घेतले. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे किंवा भोवळ येऊन पडणे, यांपैकी काहीही झाल्यास न थांबता १०८ ला फोन करायचा, हे पत्नींनी फ्रिजवर चिकटवले. घड्याळ रात्री दुसऱ्या खोलीत गेले. पहिल्या आठवड्यात त्यांनी नाडी दिवसाला नऊ-दहा वेळा पाहिली आणि तेही प्रामाणिकपणे वहीत लिहिले. त्या प्रामाणिकपणाचे मला फार मोल वाटले. भीतीनेही ठोके वाढतात आणि वाढलेल्या ठोक्यांनी भीती, हे त्यांना त्याच नोंदींत दिसले.

डॉक्टरांच्या परवानगीने ते आधी सारसबागेत सपाटीवर चालू लागले. सहाव्या भेटीपर्यंत पर्वतीच्या निम्म्या पायऱ्या होऊ लागल्या होत्या. लय अजून अनियमितच आहे. “बोट अजूनही जातं मनगटावर,” पत्नी म्हणाल्या, “पण बोलता बोलता काढतात.” त्यांनी मात्र घड्याळात पाहिले ते गोळीची वेळ झाली म्हणून, आणि पाणी मागितले.