‘दाऊ’ आदरार्थी होतं का?

प्रश्न असा आहे : जुन्या इंग्रजी प्रार्थनांत देवाला ‘दाऊ’ (thou) म्हटलेलं दिसतं. म्हणजे ‘यू’ हे साधं ‘तुम्ही’ आणि ‘दाऊ’ हे आपल्या ‘आपण’सारखं खास आदराचं सर्वनाम का?

नेमकं उलट. ‘दाऊ’ म्हणजे निखळ ‘तू’. देवाला एकेरीत हाक मारायची रीत आपल्याला काही नवी नाही. विठोबाला ‘अहो’ कोण म्हणतं? ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ या मराठी ख्रिस्ती प्रार्थनेतला ‘तुझे’ म्हणजेच इंग्रजी प्रार्थनेतला ‘दाय’.

आधी ‘दाऊ’ एकवचन आणि ‘ये’ (कर्म असेल तर ‘यू’) अनेकवचन एवढाच फरक होता. तेराव्या शतकापासून फ्रेंच दरबारी वळणाच्या प्रभावाने एकट्या माणसालाही मानाने अनेकवचन लावू लागले. सोळाव्या शतकापर्यंत लहानांना, नोकरांना, जिवलगांना ‘दाऊ’ आणि वरिष्ठांना, परक्यांना ‘यू’, अशी घडी बसली. परक्याला ‘दाऊ’ म्हणणं म्हणजे एकेरीवर येणं. आपल्या ‘अरेतुरे करणे’सारखं ‘दाऊ’चं चक्क क्रियापद झालं होतं. १६०३ साली विंचेस्टरला दर्यावर्दी आणि दरबारी सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात कडाडला : ‘आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!’ ‘तुला अरेतुरेच करतो, द्रोह्या!’ या पाच शब्दांतला पहिला ‘दाऊ’ क्रियापद आहे, दुसरा सर्वनाम.

हा डंखच ‘दाऊ’ला भोवला असावा. वाढत्या शहरांत समोरचा कोणत्या पायरीचा हे ओळखणं अवघड. चुकून ‘दाऊ’ गेलं तर भांडण, ‘यू’ गेलं तर कुणाचं काही बिघडत नाही. त्यात सतराव्या शतकाच्या मध्यात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी न्यायाधीशापासून नोकरापर्यंत सगळ्यांना ‘दाऊ’ म्हणायचा नेम धरला आणि शब्दाला पंथाचा शिक्काही बसला. अठराव्या शतकात प्रमाण बोलीतून तो गेलाच. यॉर्कशरसारख्या बोलींत ‘दा’ या रूपात टिकला.

मग १६११च्या बायबलात राजालाही ‘दाऊ’ कसं? कारण भाषांतरकारांनी मान पाहिलाच नाही, मूळ हिब्रू-ग्रीकमधलं एकवचन-अनेकवचन पाहिलं. योहान ३:७ मध्ये येशू निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याला म्हणतो, मी ‘दी’ (तुला एकट्याला) सांगितलं की ‘ये’ (तुम्ही सगळ्यांनी) नव्याने जन्मलं पाहिजे. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’ येतो आणि हा फरक पुसला जातो. मराठीत तो सहज राहतो.

आता वापर, कारण नाटकांत आणि जाहिरातींत याची फार मोडतोड होते. कर्ता ‘दाऊ’ (तू), कर्म ‘दी’ (तुला). ‘तुझा’साठी व्यंजनापुढे ‘दाय’, स्वरापुढे ‘दाइन’ : दाय हँड, दाइन आय. मागोमाग नाम नसेल तरी ‘दाइन’च. बहुवचनात ‘ये’ कर्ता आणि ‘यू’ कर्म होतं, पण सोळाव्या शतकातच ‘यू’ने दोन्ही जागा बळकावायला सुरुवात केली. क्रियापदाला ‘दाऊ’बरोबर ‘-एस्ट’ : दाऊ गोएस्ट, दाऊ हॅस्ट, ‘आर्ट’, ‘शॅल्ट’, ‘विल्ट’ ही अनियमित. ‘-एथ’ हा तृतीयपुरुषी प्रत्यय : ही गोएथ, शी हॅथ. म्हणून ‘दाऊ गोएथ’ म्हणजे ‘तू जातो’सारखी चूक, आणि ‘आय गोएथ’ तर कुठल्याच काळात नव्हतं. तोल सांभाळायला एक खूण पुरते : मराठी ‘तू जातोस’मधला ‘स’ आणि ‘गोएस्ट’मधला ‘स’ मुळात एकाच भारोपीय (संस्कृत आणि इंग्रजी दोन्हींच्या पूर्वज भाषेतल्या) प्रत्ययाचे वंशज आहेत, इंग्रजीतला ‘ट’ नंतर चिकटला. ‘तू’ आणि ‘दाऊ’ही सख्खे भाऊच. जिथे मराठीत ‘स’ लागेल, तिथे ‘-एस्ट’.

जाता जाता, इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवरच्या ‘ये ओल्ड’मधला ‘ये’ म्हणजे हे सर्वनाम नव्हे, तो ‘द’ (the) हा शब्द. ‘th’ या ध्वनीसाठीचं ‘थॉर्न’ नावाचं जुनं अक्षर हस्तलिखितांत ‘वाय’सारखं दिसू लागलं होतं, मुद्रकांनी त्याच्या जागी ‘वाय’चाच खिळा वापरला. उच्चार तेव्हाही ‘द’च होता.