'इंडिया विरुद्ध भारत' मधला 'विरुद्ध' नक्की कुणाचा?

प्रश्न असा आलाय: "आजोबांच्या पेटीत एक लाल बिल्ला आणि जुनं पत्रक सापडलं, पत्रकावर मोठ्या अक्षरात 'इंडिया विरुद्ध भारत'. हे देशाच्या नावावरून झालेलं जुनं भांडण आहे का? की हिंदी-इंग्रजीचं? आणि आमचे मामा टीव्हीवर बोलणाऱ्या लोकांना 'इंडियावाले' म्हणतात, ती शिवी आहे का?"

नाही गं, देशाच्या नावाशी ह्याचा काही संबंध नाही. तुझा गैरसमज कशामुळे झाला ते कळतंय, २०२३ मधे जी-२० च्या जेवणाच्या निमंत्रणावर 'प्रेसिडेंट ऑफ भारत' छापलं आणि त्याच वर्षी विरोधी पक्षांच्या आघाडीने स्वतःचं नाव 'इंडिया' ठेवलं, त्यामुळे आता हे दोन शब्द शेजारी दिसले की सगळ्यांना तेच आठवतं. पण तुझ्या आजोबांचं पत्रक त्याच्या बरंच आधीचं, आणि तो लाल बिल्ला म्हणजे शेतकरी संघटनेचा. जपून ठेव, आमच्याकडचा कुणीतरी हरवला.

हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात रुजवला तो ह्या संघटनेच्या संस्थापकांनी, शरद जोशींनी. जोशी मूळचे सातारचे, टपाल खात्यातले मोठे अधिकारी, स्वित्झर्लंडमधे बर्नला युनिव्हर्सल पोस्टल युनियनमधे नोकरी, ती सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करायला लागले. शेतात सगळं नीट करूनसुद्धा हिशोब तोट्यातच का जातो हे त्यांनी कागदावर मांडलं, त्यातून चाकणचं कांदा आंदोलन, १९७९ मधे संघटना, मग नोव्हेंबर १९८० चं नाशिकचं कांदा-उसाचं रास्ता रोको, १९८१ ला निपाणीचं तंबाखूचं. ह्या सगळ्या सभांमधून 'इंडिया' आणि 'भारत' हे दोन शब्द गावोगाव गेले.

आता शब्दाकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे.

राज्यघटनेचा पहिला अनुच्छेद मराठीत असा सुरू होतो: "इंडिया, अर्थात भारत, हा राज्यांचा संघ असेल." घटना समितीत १८ सप्टेंबर १९४९ ला ह्या नावावरून बरीच वादावादी झाली होती, ह. वि. कामतांनी भारत हे नाव पुढे यावं म्हणून दुरुस्ती आणली आणि ती पडली. तर घटनेत दोन नावांच्या मधे शब्द आहे 'अर्थात'. जोशींनी दोन्ही नावं जशीच्या तशी ठेवली आणि मधला तेवढा शब्द बदलला. 'अर्थात' काढून 'विरुद्ध' घातलं. नवा शब्द एकही बनवला नाही, कुणाची जात काढली नाही, आणि तरी सभेतल्या माणसाला लगेच कळायचं की आपण ह्यातले कोण. घोषणा म्हणून ह्याच्या तोडीचं मराठीत फार थोडं आहे असं माझं मत, बाकी त्यांची मतं पटोत न पटोत.

पण 'विरुद्ध' मधे एक व्याकरणाची मेख आहे. मराठीत विरुद्ध हे शब्दयोगी अव्यय, मागच्या शब्दाला चिकटतं आणि त्याचं सामान्यरूप करतं. इंग्रजांविरुद्ध, सावकाराविरुद्ध. ज्याला चिकटलं त्याच्या अंगावर आपण जातोय असा अर्थ. 'इंडियाविरुद्ध भारत' असं जोडून लिहिलं तर अर्थ सरळ, भारत उठलाय इंडियावर. पण तोच शब्द सुटा लिहिला, 'इंडिया विरुद्ध भारत', तर तो कोर्टातला विरुद्ध होतो. अमुक विरुद्ध तमुक, वादी विरुद्ध प्रतिवादी. आणि कोर्टात पहिलं नाव दावा लावणाऱ्याचं असतं, म्हणजे सुटं वाचलं तर फिर्याद इंडियाची आणि आरोपी भारत! एका रिकाम्या जागेने दावाच फिरला की. बोलताना ही जागा ऐकू येत नाही त्यामुळे सभेत काही बिघडत नाही, आणि 'इंडिया' असा शब्द आहे की त्याचं सामान्यरूपही तसंच राहतं, इंडियाने, इंडियाला, त्यामुळे कानाला काहीच पुरावा मिळत नाही. उलटा क्रम लावून बघ, 'भारताविरुद्ध इंडिया', इथे लगेच ता आला आणि ऐकायला एकदम देशद्रोहासारखं वाटायला लागलं. 'भारत विरुद्ध इंडिया' असं सुटंही लोक लिहितात, मला कोर्टाच्या हिशोबाने तेच बरोबर वाटतं पण माझं कोण ऐकतंय. क्रिकेटमुळे आता 'विरुद्ध' म्हणजे नुसती मॅच झालीय, वादी नाही प्रतिवादी नाही, ज्याचं नाव आधी लिहाल त्याचं.

(क्रिकेटवरून आठवलं, आपण 'भारत जिंकला' म्हणतो पण 'इंडिया जिंकली'. टीम मनात असते म्हणून असेल.)

बरं मग इंडिया म्हणजे शहर आणि भारत म्हणजे खेडं, एवढंच का? हाच अर्थ आज सगळे घेतात, पेपरवाले तर सर्रास, इकडे मॉल तिकडे बैलगाडी असे दोन फोटो टाकले की वर हे शीर्षक ठरलेलं. पण जोशींनी हे वारंवार सांगितलंय की ही भूगोलाची रेघ नाही. शहरातल्या झोपडपट्टीत राहणारा माणूस हा त्यांच्या लेखी भारताचाच, शेती बुडाली म्हणून इंडियात आलेला निर्वासित. आणि गावात राहून सरकारी मेहेरबानीवर गब्बर झालेला पुढारी हा इंडियाचा. म्हणजे हे शब्द राहायच्या जागेचे नाहीत, नात्याचे आहेत. सासर-माहेर कसं, घर तेच असतं पण कोण म्हणतंय त्यावर ते सासर की माहेर ते ठरतं. इथे नातं आहे भाव ठरवणाऱ्याचं आणि भाव सोसणाऱ्याचं. इंग्रज कापूस स्वस्तात न्यायचे आणि कापड महागात विकायचे, गोरे गेल्यावर धोरण तेच राहिलं, फक्त माल नेणारा विलायतेऐवजी मुंबई-दिल्लीत बसला, असा तो युक्तिवाद.

हे नातं कसं असतं ते समजायला दुसरा एक शब्द सांगते, 'उलटी पट्टी'. हा कुठल्याही नेत्याचा नाही, बाजारातला आहे. आडत्या, म्हणजे बाजारातला दलाल, शेतकऱ्याला मालाच्या हिशोबाची जी चिठ्ठी देतो ती पट्टी. वर एकूण वजन, भाव, रक्कम, आणि खाली त्यातून वजा हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं, आणि २०१६ पर्यंत आडत म्हणजे दलालीसुद्धा. जे उरेल ते शेतकऱ्याचं. पण भाव इतका पडला की वजाबाकी वरच्या रकमेपेक्षा मोठी झाली तर पट्टी उलटी येते, म्हणजे माल देऊन वर शेतकऱ्यानेच पैसे भरायचे. आमच्या मामांनी एकदा कांदा मुंबईला पाठवला होता, आठ-दहा दिवसांनी पोस्टाने पट्टी आली तर खाली रक्कम आणि पुढे लिहिलेलं 'आपणाकडून येणे'. मामी म्हणाली अहो पैसे कधी येणार, मामा म्हणाले पैसे येणार नाहीत, जाणार आहेत. ती पट्टी त्यांनी बरीच वर्षं देवघराच्या फळीला खोचून ठेवली होती. आणि हे जुन्या काळातलं वाटत असेल तर फेब्रुवारी २०२३ मधे सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे सगळा खर्च वजा जाता २ रुपयांचा चेक मिळाला होता. उलटी नाही झाली, दोन रुपयांनी वाचली.

ह्याची दुसरी बाजू म्हणजे कांदा महाग झाला की काय होतं. १९९८ मधे दिल्लीतलं राज्य सरकार निवडणुकीत पडलं त्यात कांद्याच्या भावाचा मोठा वाटा होता, आणि तेव्हापासून कुठलंही सरकार असो, शहरात भाव चढला की निर्यातीवर हात पडतो. ऑगस्ट २०२३ मधे ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात थेट बंदी. लासलगावच्या कांदा बाजारातला माणूस तेव्हा जे म्हणतो ते असं, की पडला तर माझा आणि चढला तर तुमचा. हेच 'विरुद्ध'. त्यात कुणी कुणाला शिव्या देत नाही, पुण्यातल्या बाईला फक्त कांदा स्वस्त हवा असतो आणि तिचं तरी काय चुकलं.

ह्याच्या आधी काय शब्द होते तेही बघण्यासारखं आहे. सत्यशोधकांच्या भाषणांत-जलशांत 'शेटजी-भटजी' असायचे, म्हणजे शत्रू जातीने आणि धंद्याने ओळखायचा. जोतिरावांनी १८८३ मधे लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मधे रोख त्याच युतीवर आणि तिच्या जोडीला गोऱ्या-काळ्या नोकरशाहीवर. १८८८ ला पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या मुलाच्या, मेजवानीला फुले मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषात गेले होते, भरजरी लोकांच्या मधे, आणि खरी रयत बघायची तर खेड्यात जा असं त्यांनी पाहुण्याला सुनावलं. इंडिया आणि भारत एका मांडवात, शब्द नव्हते एवढंच. जोशी स्वतः ब्राह्मण, त्यांना 'शेटजी-भटजी' वापरून भागणारच नव्हतं, त्यामुळे त्यांनी जात बाजूला ठेवून नवी जोडी आणली असं टीकाकार म्हणायचे. मला ते अर्धंच पटतं, कारण त्या जोडीने कुणबी, माळी, वंजारी सगळे एका सभेत बसले हेही खरंच आहे.

आणि शहराकडून गावाला आलेले शब्द तर तुला माहीतच आहेत, गावंढळ, खेडवळ, अडाणी, कुणबट. 'ग्राम्य' म्हणजे मुळात गावचं पण आपण ते अश्लील विनोदाला वापरतो, आणि 'नागर' म्हणजे सुसंस्कृत. एवढंच काय 'नागरिक' हा शब्दसुद्धा नगरातला आहे! भाषेने मतदान आधीच केलेलं होतं. त्या पार्श्वभूमीवर गावातल्या माणसाला एकदम 'भारत' म्हणणं, अख्ख्या देशाचं नाव त्याच्या नावावर करून टाकणं, हे केवढं मोठं होतं ते लक्षात घे. आणि समोरच्याला उरलं काय, तर परक्या भाषेतलं नाव.

पण ह्याच मोठेपणात तो शब्द तोकडाही पडतो. अख्खा गाव भारत म्हटला की त्या गावातला मजूर कुठे जायचा? कांद्याला भाव मिळाला तर कांदे काढणाऱ्या बाईची मजुरी वाढेल हा संघटनेचा हिशोब, आणि डाव्यांचं म्हणणं की बागायतदाराचा फायदा तुम्ही गरिबाच्या नावावर मागताय. दलित वस्तीवरून गावाकडे बघणाऱ्याला तर 'भारत' हे नाव इतकं प्रेमाने घेता येत नाही, बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याला अज्ञानाचं आणि संकुचितपणाचं आगर म्हटलं होतं. संघटनेलाही हे अजिबात दिसत नव्हतं असं नाही, १९८६ ला चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन झालं आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती' म्हणून नवऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा कार्यक्रम निघाला, म्हणजे भारताच्या आत कुणाची पट्टी उलटी येते ते त्यांनाही ठाऊक होतं.

मार्च २०१८ मधे नाशिकहून मुंबईला चालत आले ते बरेचसे आदिवासी, वनहक्काच्या जमिनीसाठी, लाल टोप्या, लाल बावटे, कम्युनिस्टांच्या किसान सभेचे. बऱ्याच जणांनी बातम्यांत त्याला 'भारत इंडियाच्या दारात' छाप मथळे दिले, आणि शब्दांची गंमत म्हणजे लाल बावटा आणि लाल बिल्ला ह्यांचं एकमेकांशी कधीच पटलं नव्हतं, एकाला सरकारने जास्त करायला हवं होतं आणि दुसऱ्याला सरकारने बाजूला व्हायला हवं होतं. त्या मोर्चातले लोक दहावीच्या मुलांना परीक्षेला अडचण नको म्हणून रात्रीच चालत आझाद मैदानात गेले, आणि मुंबईकर पाणी-बिस्किटं घेऊन रस्त्यावर आले, पायांना फोड आलेल्यांना चपला दिल्या. तिथे 'विरुद्ध' कुठे लावायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तर राहिला 'इंडियावाले'. शिवी नाही, पण टोमणा नक्कीच, पांढरपेशाचा पुढचा अवतार म्हण. आमच्याकडे तो घरात सुद्धा चालतो. माझा मामेभाऊ, म्हणजे ज्यांची पट्टी उलटी आली त्या मामांचाच मुलगा, हिंजवडीला आयटीत आहे. कांदा ऐंशी रुपये झाला की त्याच्या बायकोचा गावाला फोन येतो, येताना पाच-दहा किलो आणा म्हणून. मामा फोन मामीकडे देतात आणि म्हणतात, घे, इंडियाचा आहे. आणि मग उठून कांदे साठवायच्या चाळीत जाऊन चांगले चांगले निवडायला बसतात.