वाचकांचे प्रश्न : तीन राजांचं चर्च आणि विषाची गोष्ट

प्रश्न : डिसेंबर एंडला फॅमिलीसोबत गोव्याला चाललोय. कासावलीच्या टेकडीवर थ्री किंग्ज चर्च आहे ना, तिथे तीन पोर्तुगीज राजांची भुतं फिरतात म्हणे, मुलगा रील्स दाखवून सारखा मागे लागलाय की रात्री जाऊ. गोष्ट खरी आहे का हो? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही हो, खरी नाही. गोष्ट अशी सांगतात की तीन राजे जमिनीसाठी भांडत होते, मग एकाने बाकी दोघांना चर्चमध्ये जेवायला बोलावून विष घातलं, लोक चिडून चालून आले तेव्हा त्याने स्वतःही विष घेतलं आणि तेव्हापासून तिघं तिथेच. त्या राजाचं नाव नेटवर होल्गर अल्वुंगर असं देतात, आता पोर्तुगीज माणसाचं नाव होल्गर कसं असेल सांगा!

मुळात गोव्यात पोर्तुगीज राजा नव्हताच, व्हाइसरॉय म्हणजे राजाचा प्रतिनिधी असायचा. गोव्यातली साष्टी, म्हणजे कासावली ज्यात येत होतं तो भाग, 1543 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, हे चर्च 1599 चं मानतात आणि त्या वर्षी पोर्तुगालचा राजा म्हणजे स्पेनचाच फेलिपे, कारण 1580 ते 1640 दोन्ही देशांचा राजा एकच होता. तो तिकडे युरोपात, मग कासावलीच्या टेकडीवर तीन-तीन राजे जेवायला आले कुठून?

नावातले तीन राजे बायबलमधले आहेत. तारा बघत बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, गास्पार, मेल्कियोर आणि बाल्थाझार. गंमत म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानात ते किती जण होते हे लिहिलेलंच नाही, सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी होत्या म्हणून पुढे राजेही तीन झाले.

आणि मला खरंच वाईट वाटतं ते याचं की इथली अस्सल गोष्ट भुतांच्या नादात कोणी सांगतच नाही. दरवर्षी 6 जानेवारीला इथे फेस्त म्हणजे चर्चचा उत्सव असतो, कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतून एकेक मुलगा राजा होतो, मुकुट घालून, भरजरी झगा घालून, घोड्यावर बसून तिघं वेगवेगळ्या वाटांनी टेकडी चढतात आणि वर चॅपेलपाशी, म्हणजे या थ्री किंग्ज चर्चपाशीच, भेटतात, सोबत अख्खं गाव, बॅण्ड, नातेवाईक, मग मिस्सा. पोरगा राजा होणार म्हटलं की त्या घरात लग्नघरासारखी गडबड. अशीच राजांची फेस्तं रेईश मागूश आणि चांदरलाही असतात, पण टेकडीवरची ही चढण बघायलाच हवी.

चॅपेल आजही प्रार्थनेचं आहे, रेमेदियुश सायबिणीचं म्हणजे मेरीमातेचं, त्यामुळे रात्री टॉर्च घेऊन आरडाओरडा करायला अजिबात जाऊ नका. संध्याकाळी जा, वरून समुद्र आणि नारळाची झाडं मस्त दिसतात. जमलं तर सुट्टी 6 तारखेपर्यंत वाढवा आणि मुलाला फेस्तच दाखवा. मडगाव-वास्को लाइनवर कासावली स्टेशनच आहे, मडगावहून ट्रेननेही जाता येतं.