जुनी पोर्शे, रोजचा रस्ता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २००३ची पोर्शे ९११ (९९६ मॉडेल, ३.६ लिटर, मॅन्युअल) घ्यायचा विचार आहे. ऑफिस ४५ किलोमीटरवर, बहुतेक रस्ता हायवेचा. पण ‘आयएमएस बेअरिंग’चं नाव ऐकल्यापासून घरचे नको म्हणताहेत. ही गाडी रोज वापरण्याजोगी आहे का? (न्यू जर्सीहून एक वाचक)

उत्तर : आहे, आणि तुमचा रस्ता तर या गाडीला मानवणाराच आहे. तरी घरच्यांची भीती निराधार नाही. या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांच्यामध्ये एक मधला दांडा असतो, इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणजेच आयएमएस. साखळ्यांमार्फत तो कॅमशाफ्ट फिरवतो. त्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग बसवलेलं आहे. कालांतराने सील कडक होतं, आतलं ग्रीस धुऊन जातं आणि इंजिन ऑइल आत शिरतं, पण तिथे खेळतं राहत नाही. साचलेल्या, आंबट झालेल्या ऑइलमध्ये बॉल झिजतात. बेअरिंग सुटलं की दांडा डगमगतो, टायमिंग हुकतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग इंजिन दुरुस्तीचा नाही, बदलण्याचाच हिशोब करावा लागतो.

सुरुवातीच्या गाड्यांमध्ये या बेअरिंगला बॉलच्या दोन ओळी होत्या आणि ते बरंच टिकाऊ निघालं. पुढे, साधारण २००० ते २००५ या काळात, एकाच ओळीचं बेअरिंग आलं. खरी बदनामी त्याची, आणि तुमच्या मनातली गाडी त्याच काळातली आहे. त्याच पिढीच्या टर्बो आणि जीटी३ मॉडेलांचं इंजिन वेगळ्या घराण्याचं असल्यामुळे त्यांना हा त्रास नाही. किंमत मात्र त्यांची वेगळी.

रोज पाऊण तास हायवेवर चालणाऱ्या गाडीत ऑइल पुरतं तापतं, त्यातला पाण्याचा अंश उडून जातो आणि बेअरिंगला स्वच्छ ऑइल मिळतं. वीस वर्षांत जेमतेम ४० हजार किलोमीटर चाललेली, गॅरेजात झाकून ठेवलेली ‘चकाचक’ गाडी पाहून भुलू नका. दरवर्षी ऑइल बदललेली, दीड लाख किलोमीटर चाललेली गाडी आम्ही आधी पाहू.

सौदा करण्याआधी गाडी पोर्शेचं काम जाणणाऱ्या स्वतंत्र गॅरेजात न्या आणि ऑइल फिल्टर काढून त्याची कागदी घडी कापून उलगडायला सांगा. चुंबकाला चिकटणारे चमकदार कण दिसले तर तिथूनच परत फिरा. काळे किंवा तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे सापडले तर साखळीच्या पट्ट्या झिजताहेत. इंजिनच्या संगणकातून ओव्हर-रेव्हच्या, म्हणजे इंजिन फार जोरात फिरल्याच्या, नोंदीही काढून घ्या. त्यात दोन रकाने असतात. पहिल्यातले आकडे मर्यादेपर्यंत गाडी पळवली तरी वाढतात. दुसऱ्यात आकडा दिसला तर कुणीतरी वरच्या वेगात चुकून खालचा गिअर टाकलेला आहे. तोही किती इंजिन-तासांपूर्वी, हे बघा. तीनशे तासांपूर्वीचा प्रकार आणि परवाचा प्रकार सारखा नसतो.

३.६ लिटर इंजिनात आणखी एक दुखणं आहे, सिलिंडरच्या भिंतीवर चरे पडण्याचं. टकटक आवाज, वाढलेलं ऑइल पिणं आणि दोन सायलेन्सरपैकी एकाचंच तोंड काजळीने काळं होणं, ही त्याची लक्षणं. शंका आली तर ऑइल पॅन उतरवून खालून बोरोस्कोप (नळीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा) घालायला सांगा. फक्त स्पार्क प्लगच्या भोकातून पाहिलं तर चरे नजरेतून सुटू शकतात. हा खर्च विकणाऱ्याला नको असेल तर स्वतः करा.

गाडी घेतलीत तर पहिल्या महिन्यात ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदला. ऑइल ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४०, पोर्शेच्या ए४० मान्यतेचं. फिल्टरसकट आठ लिटरहून जास्त लागतं, म्हणून नऊ लिटर आणून ठेवा. पुढे वर्षातून एकदा किंवा आठ हजार किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा. कंपनीच्या पुस्तकात मुदत यापेक्षा लांब आहे, ती विसरा. वॉटर पंपाचं आतलं चाक प्लॅस्टिकचं. तुटलं की तुकडे पाण्याच्या वाटांत अडकतात. जुना पंप गळायची वाट न पाहता चार-पाच वर्षांनी बदलून टाकावा. कूलंट भरताना व्हॅक्यूमचं साधन वापरणारा मेकॅनिक पाहा: सगळी यंत्रणा वीस लिटरहून जास्त पाणी धरते, रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे लांबच्या नळ्यांत हवा सहज अडकते.

रस्त्यावरचं मीठ पत्र्यापेक्षा ब्रेकच्या नळ्या आणि एक्झॉस्टचे बोल्ट आधी खातं. हिवाळ्यात दर आठवड्याला गाडी खालून धुवा. तापमान ७ अंशांच्या खाली राहू लागलं की हिवाळी टायर हवेतच. १७ इंची चाकांचा वेगळा संच घेतलात तर टायर स्वस्त पडतील आणि खड्ड्यांत रिमही वाचतील.

प्रश्न : क्लच जड झालाय, गाडी ९९६च. गॅरेजवाला म्हणतो, ‘बेअरिंगही आत्ताच करून घ्या.’ उगाच बिल वाढवतोय का? (लंडनहून एक वाचक)

उत्तर : नाही, बरोबर सांगतोय. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि बेअरिंग त्याच्याच मागे आहे; नंतर वेगळं करायला गेलात तर तीच मजुरी पुन्हा. क्रँकशाफ्टचं मागचं सील तिथेच असतं, तेही बदला. ड्युअल-मास (दोन भागांचं) फ्लायव्हील हाताने फिरवून त्याचा खेळ तपासून घ्या.

पण एक क्रम सोडू देऊ नका. जुनं बेअरिंग काढण्याआधी फिल्टर आणि ऑइल पॅन तपासलं गेलं पाहिजे. धातूचे कण आधीच फिरत असतील तर नवं बेअरिंग बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. ते कण त्यालाही खातील. त्यानंतर क्रँक टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर असतानाच्या जागी) पिनने अडकवायचा, कॅमशाफ्ट लॉक करायचे, साखळीचे टेन्शनर सैल करायचे आणि मगच झाकण उघडायचं. कॅमशाफ्ट लॉक करण्याची हत्यारं ज्याच्याकडे नाहीत, त्याला हे काम देऊ नका.

प्रश्न : २००७ची बॉक्स्टर (९८७). घर ते ऑफिस चार किलोमीटर, म्हणून रोज तीच नेतो. स्पीडब्रेकर, पाऊस आणि आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल. काय सांभाळावं? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : आधी ते चार किलोमीटर. पाण्याचा काटा ८० अंशांवर आला म्हणून ऑइल तापलं असं होत नाही. त्याला आणखी दहा-पंधरा मिनिटं लागतात. तुमची गाडी रोज अर्धी तापून बंद होते, न जळलेलं पेट्रोल आणि वाफ ऑइलमध्ये साठत जाते. तुमच्या इंजिनात मोठं, सुधारित बेअरिंग आहे, ही जमेची बाजू. मात्र इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय ते निघत नाही, म्हणून ऑइल सांभाळणं एवढंच तुमच्या हातात. किलोमीटर कितीही कमी झाले तरी ऑइल सहा महिन्यांनी बदला. आठवड्यातून एकदा सकाळी लवकर पाऊण तास बाहेर काढा. गार असताना तीन हजार आरपीएमच्या आत ठेवा. तापल्यावर बिनधास्त वर न्या, तिला ते लागतंच.

पावसाआधी छप्पर अर्धं उघडून मागच्या दोन्ही कोपऱ्यांतली पाण्याची भोकं साफ करा. ती पालापाचोळ्याने बुजली की पाणी सीटच्या खाली उतरतं. आधीच्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये (९८६) तर इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) डबा सीटखालीच असल्यामुळे गाडी सुरूच व्हायची नाही. भोकात तार खुपसू नका, आतली नळी निसटते. मऊ प्लॅस्टिकची दोरी पुरते. पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना रेडिएटर आहेत. त्यांच्या आणि एसीच्या कंडेन्सरच्या फटीत पानं, चिखल साचून ओले राहतात आणि ॲल्युमिनियम सडतं. वर्षातून एकदा बंपर काढून साफ करायला हवं, नुसत्या पाइपच्या फवाऱ्याने भागत नाही. तुंबलेल्या रस्त्यावर पाणी पाहून मागे फिरा: इंजिन हवा घेतं ती मागच्या चाकापुढच्या बाजूच्या जाळीतून.

स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी चढवा, एक चाक मग दुसरं. बंपरखालची काळी पट्टी घासली तर घासू द्या, ती त्यासाठीच आहे.

ई२० : या काळातल्या पोर्शे जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉल धरून बनवलेल्या आहेत. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरल्याने इथेनॉल आपोआप कमी होत नाही, हे दोन वेगळे आकडे आहेत. इंधनाच्या रबरी नळ्या, सील यांची दर सर्व्हिसिंगला तपासणी करून घ्या आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा गाडी आठवडेच्या आठवडे अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

आणि कागद : १५ वर्षांनंतरचं आरसीचं नूतनीकरण पाच वर्षांचंच असतं. तुमचं २०२२च्या सुमारास झालं असेल, तर २०२७ दूर नाही. फिटनेसची तयारी आधीपासून करा.

प्रश्न : बॅटरी पूर्ण उतरली. ती पुढच्या बोनेटखाली आणि बोनेट विजेवर उघडतं! (जर्मनीहून, ९९७चे, म्हणजे ९९६नंतरच्या ९११चे, मालक)

उत्तर : चालकाच्या पायाजवळच्या फ्यूजबॉक्सचं झाकण काढा. आतला लाल खांब बाहेर ओढून त्याला दुसऱ्या बॅटरीची पॉझिटिव्ह वायर लावा. निगेटिव्ह दाराच्या चौकटीवरच्या धातूच्या कडीला. अलार्म वाजेल, किल्लीच्या बटणाने बंद करा आणि बोनेटचं बटण दाबा. हा खांब फक्त बोनेट उघडण्यापुरता आहे. त्यावरून गाडी सुरू करायला किंवा चार्जिंग करायला गेलात तर वायरिंग जळू शकतं. बोनेट उघडल्यावर चार्जर थेट बॅटरीला लावा.