लेकराला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचं निदान नुकतंच झालंय ना?

अगं, आधी स्वतःला दोष देणं थांबव. स्वमग्नता आईच्या वागण्याने येत नाही. स्पीच थेरपी लगेच सुरू कर, पण आठवड्यातले दोन तास पुरत नाहीत. खरं काम घरी होतं. माझा लेक पाणी मागायला शिकला तो स्वयंपाकघरात, पेल्याचं चित्र माझ्या हातात देऊन. आठ महिने लागले, त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून रडले. चित्रांमुळे बोलणं खुंटतं, ही भीती मात्र सोड.

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज आत्ताच कर. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. फेऱ्या होतील, कंटाळू नकोस. आणि रात्रीची एक पाळी नवऱ्याकडे दे, तुलाही झोप हवी.